रात्र काढायची तयारी आहे का?

जूनमधली पहिली दमदार सर आली की मुंबई-पुण्यातल्या मोबाइलवर एकाच साच्याच्या जाहिराती फिरू लागतात. शनिवारी रात्री निघायचे, पहाटे पायथ्याचे गाव, चहा-पोहे, गड, गावात पिठलं-भाकरी आणि रविवारी रात्री घरी. खाली 'सोबत काय आणावे' याची यादी असते. पाण्याची बाटली, कपड्यांचा जादा जोड, टोपी, आणि हमखास 'भरपूर उत्साह'. टॉर्च कधी असते, कधी नसते. शिट्टी जवळपास कधीच नसते. आणि 'वाट चुकली किंवा कोणाचा पाय मुरगळला तर रात्र डोंगरात काढावी लागेल, त्या तयारीने या' असे तर कोणी लिहीतच नाही. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, तसाच हा विषय अपशकुनी समजून टाळला जातो. हे टाळणे आता जिवावर उठू लागले आहे.

ऑगस्ट २०२३च्या सुरुवातीची घटना घ्या. पुण्याहून हरिश्चंद्रगडावर निघालेले काही तरुण टोलारखिंडीच्या बाजूला धुक्यात वाट चुकले. पाऊस थांबत नव्हता, रात्र जंगलात काढावी लागली, आणि त्यांच्यातल्या एकाचा जीव थंडीने गेला. कडा कोसळला नव्हता, पूर आला नव्हता, बिबट्याही आला नव्हता. नुसती थंडी. जिथे घामाच्या धारा ही हवामानाची मुख्य तक्रार असते त्या महाराष्ट्रात, ऐन ऑगस्टमध्ये, तरुण माणूस गारठून मरू शकतो, हे शहरातल्या माणसाच्या पचनी पडत नाही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यात नवल काहीच नाही. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की अतिशीतता सुरू होते, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. कोरड्या हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. चिंब भिजलेला सुती टी-शर्ट, त्यावरून घोंघावणारा वारा, पोटात सकाळच्या पोह्यांपलीकडे काही नाही, आणि अंगात दिवसभराचा थकवा, एवढे पुरते. आधी दातखीळ बसेल अशी हुडहुडी भरते. मग जीभ जड होते, बोटांनी बटण लावता येत नाही, चालताना झोक जातो. पुढे थरथर थांबते, आणि सोबतच्यांना वाटते, बरे झाले, याला आता बरे वाटते आहे. खरा धोका नेमका तिथे असतो.

या माणसाला काय हवे होते? अंगावर चढवायला एक कोरडा शर्ट, वारा-पाऊस अडवणारे चार हात प्लास्टिक, काहीतरी गोड. हे सगळे मिळून वजन किलोभरही होत नाही, आणि ज्या सॅकांमध्ये ते नसते त्यांच्यात अनेकदा ब्लूटूथ स्पीकर सापडतो.

दुसरी घटना मे २०२२ची. दिल्लीहून आलेला एक तरुण लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात एकटाच फिरायला गेला आणि वाट हरवून बसला. घरी फोन करून त्याने तसे कळवलेही. पुढे फोन बंद झाला. शोधपथकांनी जंगल पिंजून काढले, आणि चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह मिळाला. त्या शेवटच्या तासांत त्याने काय केले हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि तर्क लढवून मृताला दोष देण्याची आमची इच्छा नाही. पण अशा प्रसंगांचा सर्वसाधारण क्रम बचावपथकातल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. वाट चुकल्याचे लक्षात येते, ऊन कलायला लागलेले असते, छातीत धडधड सुरू होते आणि पाय आपोआप वेग घेतात. 'अंधार पडायच्या आत खाली उतरू' हा एकच विचार डोक्यात उरतो. मग ज्या ठिकाणापर्यंतची वाट माहीत होती तेही ठिकाण मागे पडते.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी याला 'चकवा लागला' म्हटले. चकवा लागलेला माणूस रानात रात्रभर फिरतो आणि पुन:पुन्हा त्याच झाडापाशी येतो. भुताचा भाग सोडून द्या. निरीक्षण चोख होते. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली प्रयोगच केला. अनोळखी जंगलात माणसांना सरळ रेषेत चालत राहायला सांगितले. सूर्य दिसत होता तोवर बहुतेकांची दिशा टिकली. आभाळ झाकोळले तेव्हा ते नकळत गोल फिरून आपल्याच वाटेला छेदून गेले, आणि त्यांना पत्ताही लागला नाही. पावसाळी सह्याद्रीत सूर्याचे दर्शन किती होते हे वेगळे सांगायला नको. चकव्यावरचा जुना इलाज गमतीचा होता: खाली बसावे, अंगातला सदरा काढून उलटा घालावा, मग वाट दिसते. सदऱ्याने काय होत असेल ते असो, पण खाली बसण्याने निश्चित होते. धाप ओसरते, नजर ठरते, कान उघडतात, आणि आपण नेमके कुठून आलो हे आठवायला लागते. जगभर गिर्यारोहणाच्या शिबिरांत 'थांबा, विचार करा, आजूबाजूला पाहा, मग ठरवा' हा धडा पहिल्या दिवशी शिकवतात. आमच्या आज्या तो भुताच्या गोष्टीत गुंडाळून सांगत होत्या.

सह्याद्रीत थांबणे इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. हा डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो बेसॉल्ट आज टप्प्याटप्प्याने उभा आहे: सपाटी, मग ताशीव कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. परदेशी पुस्तकांत आणि वाहिन्यांवर सांगतात की रानात हरवलात तर ओढा धरून खाली चला, माणसांची वस्ती लागेल. सपाट प्रदेशात ते ठीक असेल. इथे ओढा धरून खाली गेलेला माणूस कड्याच्या काठावर पोहोचतो, कारण त्या ओढ्याचाच तिथे धबधबा होतो. शेवाळलेल्या घळीतून आठ-दहा फूट घसरत खाली आलेल्याला मागे चढता येत नाही आणि पुढे दोनशे फुटांचा उभा पडदा असतो. गावकऱ्यांची वाट ओढ्याने उतरत नाही. ती सोंडेवरून, पदरातून, खिंडीतून वळसे घेत येते. ढोरवाटा तर आणखी फसव्या. त्या दिसतात मळलेल्या आणि संपतात कुठल्यातरी पाणवठ्यावर, कारण गुरांना पायथ्याच्या एसटी थांब्यावर जायचे नसते. म्हणून या डोंगरात वाट चुकल्यावर नुसते 'खाली' उतरणे हा सर्वांत वाईट निर्णय ठरू शकतो. खात्रीची खूण दिसेपर्यंत आल्या वाटेने मागे फिरावे, आणि तेही जमत नसेल तर जागा न सोडता उजाडायची वाट पाहावी.

पण हे सांगणे सोपे आहे. अंगावर ओले कपडे, हातात सहा टक्के बॅटरीचा फोन आणि समोर किर्र काळोख असलेल्या माणसाला 'शांत राहा' म्हणणे ही थट्टाच झाली. तो शांत राहील कशाच्या जोरावर? संकटात डोके थंड ठेवणे हा स्वभावाचा गुण समजला जातो; कोणाला तो असतो, कोणाला नसतो. आम्हाला हे मान्य नाही. डोंगरातली शांतता पुष्कळ अंशी सॅकमधून येते. ज्याच्याकडे प्रकाश आहे, कोरडे कपडे आहेत, अंगावर ओढायला काही आहे आणि घोटभर पाणी शिल्लक आहे, त्याला रात्र काढणे परवडते. परवडते म्हणून तो बसतो, आणि बसतो म्हणून वाचतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याला पळावेच लागते. घाबरण्याबद्दल त्याला बोल लावून काय उपयोग? त्याने घाबरायचे हे घरून निघतानाच ठरलेले होते.

तेव्हा सॅककडे वळू. इथे बाजाराबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण 'सर्व्हायव्हल किट' या नावाने ऑनलाइन दुकानांत जे विकले जाते ते पाहून हसावे की रडावे कळत नाही. डबीत मासे पकडायचा गळ, तारेची करवत, चकमक, दोरीचे कडे, आणि कधी सापाचे विष ओढून काढायचा छोटा पंप. वाहिन्यांवरच्या साहसवीरांनी हे खूळ आणले. राजमाची किंवा राजगडाच्या वाटेवर मासे पकडून जगण्याची वेळ कोणावर येत नाही. माणसे तिथे बहुधा एक रात्र अडकतात, फार तर दोन. विष ओढायच्या पंपाचा उपयोग नाही, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सांगितले आहे. दंश झालेला अवयव हलवू नये, त्यावर घट्ट बांधू नये, चिरा देऊ नयेत, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर पोहोचावे, एवढेच करायचे असते.

खरी पुरचुंडी साधी आणि स्वस्त असते. डोक्याला लावायची टॉर्च आणि तिचे जादा सेल, कारण मोबाइलचा उजेड हा टॉर्चला पर्याय नाही, तो मोबाइलचा शत्रू आहे. शिट्टी: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा वाजवायची. ही आल्प्समधली संकटखूण आता सगळीकडचे गिर्यारोहक ओळखतात, आणि ओरडून बसलेला घसा ज्या अंतरावर हरतो तिथे शिट्टी पोहोचते. दोन माणसे आत बसतील एवढे जाड प्लास्टिक. शरीराची ऊब परत फिरवणारी चंदेरी पातळ शीट मिळाली तर उत्तम. घडी केली की ती खिशात मावते. कोरड्या कपड्यांचा एक जोड, दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधलेला आणि वाटेत कितीही भिजलो तरी न उघडलेला. तो फक्त रात्रीसाठी. गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की. मीठ-साखरेच्या पुड्या, आणि नसल्या तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घरूनच मोजून बांधून घ्यावे. क्रेप बँडेज, जखमेवर दाबून धरायला स्वच्छ कापड, आपली रोजची औषधे. एका कागदावर नाव, रक्तगट, घरचा नंबर. आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर माणशी तीन लिटरच्या खाली पाणी नको, कारण फेब्रुवारीनंतर गडावरची अनेक टाकी आटतात. अत्तर-सेंट मात्र घरी ठेवा. आग्या मोहोळाच्या कपारीखालून जाताना ते महागात पडते.

फोन हेही साधन आहे, पण आपण ते उलटे वापरतो. रेंज नसलेल्या दरीत फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी पिऊन टाकतो. तिथे तो विमान मोडवर हवा. वाट चुकल्याचे कळताच पहिला संदेश एकाच माणसाला, आणि त्यात आपला अक्षांश-रेखांश, किती जण आहोत, कोणाला काय झाले आहे. बोलणे होत नसेल तरी एसएमएस पुष्कळदा जातो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. आणि संदेश पाठवल्यावर जागा सोडायची नाही. शोधायला निघालेल्या माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो हलता हरवलेला माणूस.

तयारी आणि धीर यांची गाठ कशी असते याचे आमच्या पाहण्यातले सर्वांत मोठे उदाहरण थायलंडचे आहे. २३ जून २०१८ रोजी थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले. नऊ दिवस बाहेरच्या जगाशी संपर्क नव्हता, खायला काही नव्हते. तो प्रशिक्षक काही वर्षे बौद्ध मठात राहिलेला होता. त्याने मुलांना ध्यानाला बसवले, हालचाल कमी करून शक्ती राखायला शिकवले, आणि गुहेतले गढूळ पाणी न पिता खडकावरून ठिबकणारे पाणी प्यायला सांगितले. २ जुलैला पाणबुडे पोहोचले तेव्हा तेराही जण जिवंत होते, आणि १० जुलैपर्यंत सगळे बाहेर आले. पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे पंपतज्ज्ञही त्या वेळी गुहेतले पाणी उपसण्याच्या कामासाठी तिथे गेले होते, म्हणून मराठी वाचकाला ही घटना थोडी अधिक आठवत असेल. तिथे किट नव्हते हे खरे; पण तयार डोक्याचा एक माणूस होता. आपल्या रविवारच्या गटांत चाळीस जणांमागे असा एक तरी असतो का?

आणि पैसे भरले, वाटाड्या घेतला, म्हणजे आपली जबाबदारी संपली असेही नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांचा गट बर्फाच्या वादळात सापडला आणि नऊ जणांना थंडीने गाठले. त्यातले बहुतेक बेंगळुरूचे, डोंगराची आवड असलेले लोक. दर मे-जूनमध्ये महाराष्ट्रातूनही हिमालयात असे गट जातात, आणि त्यांतले अनेक जण 'कॅम्पवर सगळे मिळेल' या भरवशावर जातात. तंबू पुढच्या मुक्कामावर आणि वादळ मधल्या वाटेवर, असे झाले की अंगावर आणि पाठीवर जे असेल तेवढेच आपले.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा लोंढ्यापुढे किट आणि शांतपणा दोन्ही निरुपयोगी. वरच्या पठारावर झालेल्या पावसाचे पाणी मिनिटांत खाली येते, आणि तिथला एकमेव उपाय म्हणजे प्रवाहात न उतरणे. म्हणून अशा जागांवर प्रशासनाने बंदी घातली तर आम्ही तिचे समर्थनच करू.

आमची तक्रार आहे ती बंदीपाशीच थांबण्याबद्दल. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात. पूर्वी कलम १४४ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ आहे. अमुक धबधबा बंद, तमुक गड बंद. नाक्यावर पोलीस उभे राहतात, गर्दी दुसऱ्या, अधिक अनोळखी डोंगराकडे वळते. बंदी असलेल्या जागी चोरवाटेने शिरलेला माणूस अडकला तर मदत मागायलाही कचरतो, गुन्हा दाखल होईल म्हणून. हे जास्त धोक्याचे नाही का? साहसी पर्यटनासाठी राज्याचे धोरण २०२१ साली झाले, आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची झाली. कागद उत्तम आहे. पण पायथ्याच्या गावात रविवारी पहाटे उतरणाऱ्या बसपाशी उभे राहून 'तुमची नोंदणी कुठे आहे, प्रथमोपचाराची पेटी दाखवा, तुमच्यात प्रशिक्षित कोण' असे विचारणारा माणूस आम्हाला अजून दिसलेला नाही. समाजमाध्यमावर गट काढायचा, माणशी हजार रुपये घ्यायचे, आणि गेल्या वर्षी स्वतः पहिल्यांदा डोंगर पाहिलेल्या मुलाला 'ट्रेक लीडर' लिहिलेला टी-शर्ट घालायचा, हा धंदा राजरोस चालू आहे.

आणि यांनी चुकवलेल्या वाटांची किंमत मोजतात कोण? लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स आणि गावोगावचे असे गट. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्या रात्री, गाडी पोहोचत नाही अशा त्या डोंगरात, भर पावसात चिखल तुडवत वर गेलेल्यांत ही डोंगरातली माणसे होती. हे कोणाचे पगारी नोकर नाहीत. दिवसा कोणी दुकान चालवतो, कोणी रिक्षा, कोणी कारखान्यात असतो. मध्यरात्री फोन येतो, हे आपले दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतात, कित्येकदा आपल्याच खिशातले डिझेल जाळून. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचे कौतुक छापले जाते, आमच्याही छापले जाते, आणि पुढच्या शनिवारपर्यंत विषय संपतो.

आमच्या मागण्या खर्चीक नाहीत. पायथ्याच्या प्रत्येक गावात, वनविभागाच्या किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या टेबलावर, वर जाणाऱ्याचे नाव, मोबाइल आणि परतीची वेळ लिहिली जावी. संध्याकाळी कोण खाली आला नाही हे त्याच वहीवरून कळेल. ज्याच्याकडे टॉर्च, शिट्टी आणि प्लास्टिक नाही त्याला ते तिथेच भाड्याने मिळावे. बचतगटाच्या बायकांना चार पैसे मिळतील आणि शहरातला माणूस जिवंत घरी जाईल. बिगरनोंदणीच्या आयोजकाची बस परत पाठवावी, तिच्यातल्या मुलांवर काठी उगारू नये. बचावपथकांतल्या स्वयंसेवकांचा विमा सरकारने उतरवावा आणि प्रत्येक मोहिमेचे इंधन व साहित्य जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या खात्यातून विनाविलंब द्यावे. मदत मागणाऱ्यावर बंदीभंगाचा गुन्हा दाखल होणार नाही, हे स्पष्ट लिहून जाहीर करावे. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी पुढच्या जूनमध्ये जो आदेश काढणारच आहेत, त्यात एक परिच्छेद वाढवला तरी सुरुवात होईल, आणि त्यासाठी त्यांना विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागणार नाही.